आईंचा उजवा हात, जपानच्या ऊन पाण्यात

जपानहून परत आल्यापासून इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या आमच्या मराठी मंडळातल्या बायका मला एकच प्रश्न विचारतायत. देवळं कशी होती, बुलेट ट्रेन किती पळते, हे कुणालाच ऐकायचं नाही. परवा एकीनं तर माझ्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, येऊन, बीपीसाठी हात पुढे करता करता, आवाज बारीक करून विचारलं, "डॉक्टर, खरंच सगळ्यांसमोर? अगदी काही म्हणजे काही न घालता?" तिचं बीपी त्या दिवशी थोडं जास्तच भरलं.

तर हो, खरंच. मी, माझी लेक आणि माझ्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई, अशा तिघी जणी, काही म्हणजे काही न घालता. प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढते.

रीडिंग

हे खूळ घरात आणलं ते लेकीनं. इरा चोवीस वर्षांची आहे, जन्म इथला, नोकरी ब्रॅकनेलला. युनिव्हर्सिटीत असताना आवड म्हणून जपानी शिकली आणि तेव्हापासून तिला कुठल्याही दुखण्यावर जपान हाच उपाय सुचतो. दुखणं घरात होतंच. सासरे गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी, आई, म्हणजे माझ्या सासूबाई, साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या आणि इथल्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांचे गुडघे बोलायला लागले. आता त्या ऑपरेशनच्या वेटिंग लिस्टवर आहेत. तोवर कोमट पाण्यात व्यायाम करा, असं फिजिओनं सांगितलं होतं. मी कौन्सिलच्या वॉर्म पूलमध्ये त्यांचं नाव घातलं, चांगला गुडघ्यापर्यंतचा कॉस्च्यूम आणला. आई चेंजिंग रूमपर्यंत गेल्या आणि तशाच बाहेर येऊन म्हणाल्या, "मला नाही जमायचं." खेड्यात वाढलेल्या बाई, पाय उघडे टाकायला लाजल्या असतील, असं मी परस्पर ठरवून टाकलं. मला परस्पर ठरवायची सवयच आहे.

"आजीच्या एटीएथ बर्थडेला आपण तिला ओन्सेनला न्यायचा," इरानं एका रविवारी जाहीर केलं. ओन्सेन म्हणजे जमिनीतून वर येणारं गरम पाणी आणि त्याची कुंडं. रिओकान म्हणजे अशा कुंडाच्या आधारानं उभी असलेली जुन्या पद्धतीची मुक्कामाची घरं. चटईवर बसायचं, जमिनीवर झोपायचं, दिवसातून तीन वेळा डुंबायचं आणि मधल्या वेळात जेवायचं.

"पण आजी, त्या पाण्यात कपडे घालत नाहीत. म्हणजे नथिंग. बायकांचं वेगळा असतं, बट स्टिल."

मला वाटलं, झालं, इथंच विषय संपला. आई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग बरंय की. कॉस्च्यूमची कटकट नाही." आणि वर त्यांनी लहानपणी आईबरोबर घाट उतरून कोकणातल्या उन्हाळ्यावर, म्हणजे गरम झऱ्यावर, गेल्याची गोष्ट सांगितली. बायकांचं कुंड वेगळं, पाणी असं की हाडातली थंडी निघून जाते. "एकदा तसं बसायला मिळालं पाहिजे बघ," त्या म्हणाल्या. सहा वर्षांत त्यांनी 'मला पाहिजे' असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी सुट्टी टाकली. आमच्या नवरेबुवांना सुट्टी मिळाली नाही, आणि त्यांनी त्याबद्दल फारसं दुःखही केलं नाही.

रिओकानचा फॉर्म इरानं भरला. ॲलर्जी आहे का, चालायला त्रास आहे का, अंगावर टॅटू आहे का. "टॅटू? तिघींच्याही नाही," मी किचनमधून सांगितलं आणि पोळी उलटली. इथंच माशी शिंकली. आईंच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, हिरवं गोंदण आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. पण गोंदण ते गोंदण. टॅटू म्हणजे फुटबॉल खेळणाऱ्यांच्या मानेवरचे वाघ. दोन्ही एकाच रकान्यात बसतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही, इराच्या आलं नाही आणि आईंना तर कुणी विचारलंच नाही.

खाण्याच्या रकान्यात मात्र आम्ही निबंध लिहिला. आई मासे खातात, पण गुरुवारी नाही. आम्ही पोचणार होतो गुरुवारी. रिओकानमधून अतिशय नम्र ईमेल आलं, की पाहुण्या शाकाहारी आहेत की नाहीत? इरानं उत्तर दिलं, गुरुवारी आहेत. मग आणखी नम्र ईमेल आलं, की शुक्रवारी त्यांची प्रकृती बदलणार आहे का?

डोंगराकडे

विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, तिघींचेही पाय सुजले. तोक्योहून बुलेट ट्रेननं नागानोकडे निघालो तेव्हा नोव्हेंबरची सुरुवात होती. गाडी सेकंदाला धरून सुटली. रीडिंग स्टेशनवर रोज सकाळी 'वी अपॉलजाइज' ऐकत मोठी झालेली इरा घड्याळाकडे बघून भावुक झाली. आईंनी डब्यातून मेथीचे ठेपले काढले, शेजारच्या सुटाबुटातल्या गृहस्थांना एक दिला, त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, डोक्याला लावल्यासारखं केलं आणि खाल्ला. आई मला म्हणाल्या, "बघ. संस्कार." लंडनच्या गाडीत त्यांनी एकदा असाच लाडू पुढे केला होता, तेव्हा समोरचा माणूस डबा बदलून गेला होता.

पुढे छोटी बस. रस्ता आंबेनळीच्या घाटासारखा वळणावळणाचा, पण कडेची झाडं लालभडक. वरच्या गावात बस थांबली आणि दार उघडताच सडक्या अंड्यांचा भपकारा आत आला. गंधकाचं पाणी. इरानं नाक धरलं. आईंनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आलं. हाच वास."

गावाचं आणि रिओकानचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण आमच्या मंडळाची अख्खी बस तिकडे वळली तर त्या बिचाऱ्यांनी काय करावं. लाकडी दुमजली घर, छपराखाली सोललेली तांबडी फळं दोऱ्यांना टांगून वाळत घातलेली. मालकीणबाई, ज्यांना ओकामी-सान म्हणायचं (सान म्हणजे आपल्याकडचं मानाचं 'बाई'), दारात गुडघ्यांवर बसून वाकल्या. सत्तरीच्या, अंगानं बारीक, नजरेनं तीक्ष्ण. आईंनाही उलट वाकायचं होतं, पण गुडघ्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी भरघोस नमस्कार केला. चपला दारात काढायच्या हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. आत एक पाटी होती, एका हाताचं चित्र, त्यावर ड्रॅगन, आणि त्यावर लाल फुली. आई चष्मा लावून म्हणाल्या, "साप चावल्यावर काय करायचं ते लिहिलंय वाटतं." आम्ही हसून पुढे गेलो.

गुरुवार

खोलीत सामान म्हणून एक बुटकं टेबल आणि एक फुलदाणी. आई खूश. इंग्रजी घरांतल्या सोफ्यांच्या गर्दीवर त्यांचा जुना राग आहे. घालायला युकाता दिले होते, सुती, ढगळ, मोठ्या बाह्यांचे. आईंनी उजवी बाजू वर घेऊन बांधला. चहा घेऊन आलेली मुलगी, तिचं नाव आया, एकदम थबकली. उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाला बांधतात. इरानं ते सांगितल्यावर आई शांतपणे म्हणाल्या, "इतक्यात नाही," आणि डावी बाजू वर घेतली. आया तोंडावर हात धरून हसली.

मग आईंनी चहाचा पेला घ्यायला हात पुढे केला आणि ती मोठी बाही सरसर कोपरापर्यंत मागे गेली.

आयाचं हसू थांबलं. ती वाकली आणि दार सरकवून गेली. पाच मिनिटांनी ओकामी-सान आल्या आणि चटईवर कपाळ टेकेल इतक्या वाकून बोलायला लागल्या. जणू काही चूक त्यांचीच होती. इराचा चेहरा उतरत गेला. जपानमध्ये गुंडांच्या टोळ्या अंगभर गोंदवून घेतात, त्यामुळे अनेक ओन्सेनमध्ये गोंदलेल्या माणसांना प्रवेश नसतो. तो नियम इथंही होता. मागच्या बाजूला एक लहान कुंड आहे, दार लावून एकटं बसता येतं, ते त्या आईंसाठी मोकळं ठेवतील. नाहीतर चिकटवायच्या पट्ट्या आहेत, त्यांनी हात झाकता येईल.

"काय म्हणतायत त्या?" आईंनी विचारलं.

"आई, त्या म्हणतायत, तुमच्यासाठी एक खास कुंड आहे. एकदम प्रायव्हेट," मी म्हणाले. पेशंटला वाईट बातमी गोड करून सांगायचा मला सराव आहे.

"मम्मा, दॅट्स नॉट व्हॉट शी सेड," इरा म्हणाली. "आजी, सॉरी. तुझ्या हातावरचा ग्रीन आहे ना, ते इथे चालत नाही. चूक माझा आहे, मी फॉर्म नीट नाही वाचला."

आईंनी युकाताची बाही खाली ओढली आणि मनगटाशी डाव्या हातानं घट्ट धरून ठेवली. ही हालचाल मी इतक्या वर्षांत शेकडो वेळा पाहिली असेल. त्यांच्या पोलक्याच्या बाह्या नेहमी मनगटापर्यंत. रीडिंगच्या उन्हाळ्यातसुद्धा. मी बीपी घ्यायला बसले की त्या नेहमी डावा हात पुढे करतात. मी डॉक्टर असून मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

"तुम्ही दोघी जाऊन या," आई म्हणाल्या. "मी इथंच बसते. खोली छान आहे."

मी म्हणाले, "अहो, लहान कुंड आहे ना, पाणी तेच आहे." त्या म्हणाल्या, "लपूनछपून आंघोळ करायला घरी बाथरूम आहे की." एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. इतक्या लांब, इतके तास पाय सुजवून, त्यांनी मागितलेली एकुलती एक गोष्ट दाराच्या पलीकडे वाफाळत होती. मला माझा इतका राग आला की रडूच आलं. चार रात्री इथं काढायच्या होत्या.

इरा आजीजवळ थांबली, मी एकटी गेले. आता ज्यांना तेच ऐकायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. कपडे टोपलीत ठेवायचे, हातात फक्त रुमालाएवढा टॉवेल. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणानं अंग घासून घासून धुवायचं, लाकडी बादलीतून पाणी घ्यायचं, आणि साबणाचा शेवटचा थेंब गेला की मगच कुंडात उतरायचं. इंग्रज लोक टबमध्ये स्वतःच्याच मळात बसतात, हे आईंचं सहा वर्षांचं गाऱ्हाणं आहे. रीडिंगला त्या टबात बादली आणि प्लास्टिकचा मग घेऊन आंघोळ करतात. इथं आल्या असत्या तर म्हणाल्या असत्या, हे लोक शहाणे आहेत. हे मला पाण्यात उतरताना सुचलं आणि पाणी सुंदर असूनही मी दहा मिनिटांत बाहेर आले. लाज कुठं गेली ते कळलंच नाही, कारण कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं.

जेवणात गुरुवार मात्र त्या लोकांनी कसोशीनं पाळला. अकरा लहान लहान वाट्या, सगळ्या शाकाहारी, एकीत चेस्टनटचा भात, एकीत तिळाचं पांढरंशुभ्र काहीतरी, साबणवडीएवढं. आईंनी सगळं संपवलं आणि आयाला "छान होतं बाई" असं मराठीत सांगितलं. आयाला कळलं. पण गरम पाण्याचं नाव आईंनी काढलं नाही आणि आम्हीही नाही.

शुक्रवार सकाळ

सकाळी इरानं हट्टानं त्या पट्ट्या आणल्या. "आजी, एकदा ट्राय करू. फॉर मी." पट्ट्या कातडीच्या रंगाच्या होत्या, पण कातडी जपानी. आईंच्या गव्हाळ हातावर तीन फिकट गुलाबी चौकोन बसले, आणि कडेनं तुळशीची एक हिरवी फांदी तरीही बाहेर आलीच. इरा म्हणाली, "ओके, इट लुक्स लाइक हॅम." आई आधी हसल्या, मग खूप हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले. हसू ओसरल्यावर त्यांनी तिन्ही पट्ट्या एकेक करून सोलून काढल्या आणि टेबलावर नीट एकावर एक ठेवल्या.

"त्या बाईंना बोलाव," त्या इराला म्हणाल्या. "मला त्यांच्याशी बोलायचंय."

"काय बोलणार आजी?"

"तू फक्त सांगत जा. मी बोलते."

ओकामी-सान आल्या. आईंनी बाही स्वतः वर केली आणि हात टेबलावर ठेवला, दंडापासून बोटांपर्यंत उघडा. म्हणाल्या, "हे बघा बाई, मी काही गुंड नाही. मी नऊ वर्षांची होते. जत्रेत गोंदणारी बाई बसली होती. आई म्हणाली, पोरीची जात, मेल्यावर बरोबर काय येणार, एवढंच येतं. तिनं सुया टोचल्या, मी बोंबलले, मग मला गुळाचा खडा दिला. हे दागिन्यासारखं आहे. तुमच्या घरचा नियम असेल तर मी पाळीन, पण झाकून उतरणार नाही. झाकून खूप झालं."

इरा अडखळत सांगत होती. 'बोंबलले' तिनं कसं सांगितलं कोण जाणे. ओकामी-सान हाताकडे बघत राहिल्या. मग हळूहळू बोलल्या. त्यांचं माहेर दक्षिणेकडच्या एका बेटावरचं. त्यांच्या लहानपणी तिथल्या म्हाताऱ्या बायकांच्या हातांच्या पाठीवर असंच निळं गोंदण असायचं. त्यांच्या आजीच्या बहिणीच्या हातावर होतं. पुढे सरकारनं ती रीत बंद केली, बाहेरचे लोक हसायला लागले, मग त्या आजी फोटो काढताना हात पाठीमागे घ्यायच्या. घरात एकही असा फोटो नाही ज्यात त्यांचे हात दिसतात.

मला वाटलं, आता त्या म्हणतील, या, उतरा. पण ओकामी-सान म्हणाल्या, "घर माझं आहे. पाणी पाहुण्यांचं आहे. मी त्यांना विचारीन." त्या आठवड्यात आमच्याशिवाय दोनच पाहुण्या होत्या, ओसाकाच्या दोघी वयस्कर बहिणी, आणि त्या देवळाला गेल्या होत्या. चार वाजता उत्तर मिळेल.

वेळ काढायला आम्ही गावात गेलो. चौकात पाय बुडवायचं एक फुकटचं कुंड आहे, वर छप्पर, बाजूनं लाकडी बाकं. पायांवर कुणाचा आक्षेप नव्हता. आईंनी साडी पोटऱ्यांपर्यंत घेऊन पाय पाण्यात सोडले आणि त्यांच्या तोंडून "आई गं" असं निघालं, सुखाचं. इरा कोपऱ्यावरच्या दुकानात वाफवलेले गोड पाव आणायला गेली. आम्ही दोघीच उरलो.

"रीडिंगच्या पूलमध्येपण ह्याच्यासाठीच गेले नाही मी," आई म्हणाल्या.

"मला वाटलं, कॉस्च्यूमची लाज वाटली."

"कॉस्च्यूमचं काय एवढं. तिथं आपली माणसं येतात ना."

"मग? आपल्या माणसांना काय, गोंदण बघितलेलं असतंच की."

आई पाण्यात पाय हलवत राहिल्या. "ह्यांना आवडायचं नाही. लग्न होऊन आले त्या दिवशीच सासूबाईंनी सांगितलं, लांब बाहीचं पोलकं घालत जा. मग सवयच लागली." का आवडायचं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण तेवढ्यात इरा पाव घेऊन आली. पण माझ्या मनात एकच चाललं होतं, की त्या दोघी बहिणी नको म्हणाल्या तर काय. काल एकदा नाही ऐकून आई खिडकीशी बसल्या होत्या. आज स्वतः हात पुढे करून पुन्हा नाही ऐकावं लागलं, तर हा हात त्या परत कधी कुणापुढे उघडा करणार नाहीत.

शुक्रवार, चार वाजता

चार वाजता दार सरकलं. ओकामी-सान नेहमीसारख्या वाकल्या, आणि वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा गंभीरच होता, त्यामुळे मला काही अंदाज येईना. त्या लांबलचक काहीतरी बोलल्या. इरा ऐकता ऐकता हसायला लागली.

"आजी, त्या सिस्टर्स म्हणाल्या, त्यांची वय अठ्ठ्याहत्तर आणि एक्क्याऐंशी आहे. ह्या वयात त्यांना कुठला गँगस्टर घाबरवणार? आणि त्या विचारतात, आजी लवकर येईल का, कारण पाच वाजता त्यांचा मसाज आहे."

आई लगेच उठायला लागल्या. घाईत गुडघा अडकला, मी आणि इरानं दोन्हीकडून धरलं.

सासू आणि सून एकमेकींसमोर कपडे काढतायत, हा प्रसंग मी रीडिंगपासून मनात घोळवून घोळवून घाबरले होते. प्रत्यक्षात आईंनी साडीची घडी घातली, पोलकं टोपलीत ठेवलं आणि मला म्हणाल्या, "आवर की. मसाज आहे त्यांचा." ओकामी-साननी त्यांच्यासाठी उंच स्टूल आणून ठेवलं होतं. आईंनी लाकडी बादली उचलून बघितली, अंगावर पाणी घेतलं, माझी पाठ चोळून दिली, इराची चोळून दिली आणि जाहीर केलं की ह्या लोकांना आंघोळ कशी करायची ते कळतं.

कुंड बाहेर होतं, मोठ्या दगडांच्या कडेचं, पाणी ताकासारखं पांढरं. वर लाल पानं, गार हवा. दोघी बहिणी डोक्यावर टॉवेलच्या घड्या ठेवून गळ्यापर्यंत बसल्या होत्या. आई कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या. घोटे, गुडघे, कंबर. मग खांद्यापर्यंत बसल्या आणि त्यांचा चेहरा इतका सैल झाला की मला त्यांचा जुना कुठला तरी फोटो बघतेय असं वाटलं.

पाण्यात हात दिसत नव्हता. कुणाला काही दाखवायची गरज नव्हती. तरी थोड्या वेळानं धाकटी बहीण, त्यांचं नाव फुमिको-सान, पाण्यातून सरकत जवळ आल्या आणि इराला काहीतरी विचारलं. त्यांना बघायचं होतं, चालेल का? आईंनी हात पाण्याबाहेर काढला आणि दगडावर ठेवला. वाफ निघत होती. गरम पाण्यानं कातडी तांबूस झाली होती आणि हिरवा रंग वर आला होता, एरवी पुसट दिसणारा.

"हे कसलं झाड?" इरानं त्यांचा प्रश्न सांगितला.

"तुळस. आमच्या दारात असते. औषधी."

"आणि खाली?"

"खाली नुसती नक्षी आहे," मीच परस्पर सांगून टाकलं.

"नक्षी नाही गं ती," आई म्हणाल्या. "नाव आहे."

मी वाकून बघितलं. अक्षरं पसरली होती, एकमेकांत मिसळली होती, पण अक्षरंच होती. मराठी येणाऱ्या कुणालाही जवळून वाचता आली असती.

"कुणाचं नाव, आजी?" इरानं विचारलं.

"माझंच. हौसा."

इरानं माझ्याकडे बघितलं. आईंचं नाव सुनंदा. पासपोर्टवर सुनंदा, वेटिंग लिस्टवर सुनंदा, माझ्या लग्नपत्रिकेवर सौ. सुनंदा.

"सुनंदा लग्नात ठेवलं," आई म्हणाल्या. "ह्यांच्या घरी सगळे शिकलेले. हौसा नाव त्यांना गावंढळ वाटलं. नाव बदललं, पण हे कुठं बदलणार? म्हणून लांब बाही. कुणी वाचलं, विचारलं, की घरच्यांना अवघडल्यासारखं व्हायचं."

माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून आणले होते, नवरदेवानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं म्हणून. ते ताट आईंनी सगळ्यांसमोर उचललं आणि आत नेऊन ठेवलं. म्हणाल्या, पोरीचं नाव आहे तेच राहील. मी आजवर सगळ्यांना सांगत आले, की माझ्या डिग्रीच्या कागदांवर नाव बदलायची भानगड नको म्हणून आईंनी तसं केलं. सत्तावीस वर्षं मी हेच सांगत आले होते. त्या पाण्यात माझे डोळे भरून आले आणि वाफेमुळे ते कुणाला कळलं नाही, ते बरं झालं.

"मग तुला हौसा कोण म्हणतं, आजी?"

"माझा भाऊ म्हणायचा. तो जाऊन अकरा वर्षं झाली." आईंनी हातावरून ओंजळभर पाणी सोडलं. "आता कुणी नाही."

इरानं हे सगळं फुमिको-सानना सांगितलं. तिला वेळ लागला, मध्ये शब्द शोधावे लागले. फुमिको-सान मान हलवत ऐकत होत्या. मग त्यांनी त्या अक्षरांवर एक ओलं बोट ठेवलं, नाव दोनदा स्वतःशी पुटपुटून बघितलं आणि आईंच्या चेहऱ्याकडे बघत, लांबच्या माणसाला मारावी तशी हाक मारली, "हौसा-सान!"

आणि आईंनी, एक क्षणही न थांबता, ओ दिली.